जेरघाटातलं माहेर

छिंदवाड्याहून नागपूरकडे निघालं की उमरानाल्यानंतर सिल्लेवानीचा घाट लागतो. घाट उतरला की हवा गरम होते, माती काळी होते आणि माणसं मराठी बोलू लागतात. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत या जिल्ह्याचे दोन भाग केलेले आहेत. डोंगरावरचा तो बालाघाट आणि डोंगराखालचा तो जेरघाट. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, बोरगाव हा सारा जेरघाट. कापूस, ज्वारी, तूर आणि संत्रा यांचा मुलूख. पाणी उताराला लागतं तसं इथलं सगळं दक्षिणेकडे वळलेलं. जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान नागपूरची तहान भागवत वैनगंगेकडे जाते, आणि आमच्या लेकी, आमचा संत्रा, आमचे आजारी लोक, आमची कॉलेजात जाणारी पोरं, सगळी त्याच वाटेनं नागपूरला जातात. मीही तशीच गेले. नागपुरात शिकले, लग्न होऊन पुण्याला आले. आई होती तोवर दिवाळीला, राखीला येणं होई. ती गेली आणि माहेरचं बोरगाव सुटलं.

यंदा बोलावणं आलं ते कागदासाठी. जमीन अजून बाबांच्याच नावावर होती. बाबा गेले, मग दादाही गेला, आणि भाच्याचा फोन आला, "आत्याबाई, फौती करायची राह्यली आहे. तुमची सही लागते. या ना, संत्राही तोडणीवर आहे." मध्य प्रदेशात खातेदार मेल्यावर वारसांची नावं चढवण्याला फौती नामांतरण म्हणतात. पुण्यात फेरफार आणि सातबारा ऐकायची सवय झालेली. इथे खसरा, बी-1 आणि ऋणपुस्तिका. ऋणपुस्तिका म्हटल्यावर मला एकदम बाबांच्या बंडीचा खिसा आठवला. कापडात गुंडाळलेली ती वही त्यांच्या सोबत सौंसरच्या तहसिलीत जाई आणि घरी आली की देव्हाऱ्यामागे ठेवली जाई.

मुद्दाम रेल्वेनं गेले. नागपूरच्या इतवारीपासून छिंदवाड्यापर्यंत ही आमची छोटी लाईन. बंगाल नागपूर रेल्वेनं टाकलेली, अडीच फुटी रुळांची. कॉलेजला असताना शनिवारी मी तिनंच घरी येत असे. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे लागत. भाजीच्या टोपल्या, दुधाचे कॅन, कोंबड्या, माहेरी निघालेल्या बाया, असं सगळं त्यात मावे. चढावर गाडी इतकी मंद होई की पोरं उतरून बोरं वेचत आणि पुन्हा चढत. 2015 च्या डिसेंबरात ती बंद झाली, रूळ उखडले, आणि मोठी लाईन पूर्ण होऊन 2021 मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. छोटी लाईन आता पाहायची तर नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात जावं लागतं. मला नवी गाडी आवडली. रुंद, स्वच्छ, वेळेवर निघालेली. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे गेल्या, पाटणसावंगी गेलं, सावनेर आलं. सावनेरला चढलेल्या एका बाईनं माझ्या शेजारी पिशवी टेकवली आणि विचारलं, "कुठी जाता बाई?" मी लोधीखेडा म्हटलं. "मंग आपल्याच गावच्या हा," ती म्हणाली आणि पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या. केळवद गेलं. राज्याची हद्द कधी ओलांडली, ते बाहेर पाहून मला कळलं नाही. दोन्हीकडे तीच पऱ्हाटी, तीच तूर, धुऱ्यावर तीच पळसाची झाडं.

ती हद्द आखली गेली 1 नोव्हेंबर 1956 रोजी. तोवर नागपूर हीच आमची राजधानी होती. त्याही आधी देवगडच्या गोंड राजांचं राज्य. त्यांच्यातल्या बख्त बुलंद शाहनं नागपूर वसवलं. देवगड आमच्याच जिल्ह्यात, घाटावर. मग भोसले आले, इंग्रज आले, मध्य प्रांत झाला, तरी नागपूरचं आणि आमचं नातं तुटलं नव्हतं. राज्य पुनर्रचना आयोगानं भाषेचा हिशेब साधारण जिल्हा धरून केला. अख्खा छिंदवाडा जिल्हा पाहिला तर बहुसंख्या हिंदीची, म्हणून जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत आमचा घाटाखालचा मराठी तुकडाही. विदर्भाचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. तालुका किंवा गाव हा हिशेबाचा घटक धरला असता तर रेघ सिल्लेवानीच्या घाटावर पडली असती, असं बाबा म्हणत. मलाही तसंच वाटतं. भोपाळ दूर, मुंबईही दूर, आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचं नागपूर परराज्यात, हे आमच्या वाट्याला आलं.

त्याचा पहिला परिणाम आम्हा मुलांच्या पाटीवर झाला. घरात आई मराठीत रागवायची आणि शाळेत आम्ही हिंदीत पाढे म्हणायचो. गुरुजीही घरी आमच्यासारखंच बोलणारे, पण वर्गात शिरले की हिंदी. इतिहासात राणी दुर्गावती आली, शिवाजी महाराज एका धड्यापुरते आले. मराठी वाचायला मी शिकले ते बाबांमुळे. नागपूरहून बसनं येणारा 'तरुण भारत', पुढे 'लोकमत', लोधीखेड्याहून ते सायकलीवर आणायचे आणि मला मोठ्यानं वाचायला लावायचे. लिपी एकच असल्यानं अडलं नाही. लिहायला मात्र जमायचं नाही. नागपुरात कॉलेजला गेल्यावर पहिल्या मराठी निबंधात माझी सगळी वाक्यं हिंदीच्या वळणाची होती. पुण्यात आल्यावर उलटं झालं. 'मध्य प्रदेशच्या असून तुमचं मराठी बरं आहे हो,' असं मला कितीदा तरी ऐकवलं गेलं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसे. पण महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठीत जगणारी, मराठीत लेकरं निजवणारी गावं आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आजही फारसं कुणी सांगत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोधीखेड्याला भाचा मोटारसायकल घेऊन उभा होता. लोधीखेडा एके काळी तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. आमच्या घरचा पाण्याचा गुंड तिथलाच. भाचा म्हणाला, तो गुंड अजून आहे, पण पाणी आता फिल्टरचं पितात. वाटेत त्यानं मला रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्या दाखवल्या, आणि दाखवताना त्याच्या आवाजात अभिमान होता.

माझ्या लहानपणीचं बोरगाव म्हणजे मारुतीचं देऊळ, एक मोठी विहीर, दोन किराणा दुकानं आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर बस थांबते तेवढी जागा. मग इथे औद्योगिक केंद्र आलं. मागास जिल्ह्यात कारखाने काढणाऱ्यांना सवलती होत्या, नागपूर जवळ होतं, जमीन स्वस्त होती. 1991 मध्ये रेमंडची गिरणी सुरू झाली आणि तिच्या वसाहतीला कैलासनगर नाव पडलं. पीबीएम पॉलिटेक्सची सूतगिरणी आली. पलीकडे सातनूरला भन्साळींचा प्लास्टिकचा कारखाना. आमच्या कापसाच्या शिवारात ऑस्ट्रेलियातली लोकर येऊ लागली आणि सुटाचं कापड होऊन देशभर जाऊ लागली. गावातली पोरं पहिल्यांदा पाळी, ओव्हरटाइम, पीएफ हे शब्द बोलू लागली. दादा त्यांतलाच. शेत बाबांनी पाहायचं आणि दादानं पाळीवर जायचं, असं घर चाललं.

तेव्हा मी पुण्याहून येई आणि शिवाराचं काय झालं म्हणून हळहळे. या खेपेला मी गावात फिरून नीट पाहिलं. आमच्या आळीतल्या चौदा-पंधरा घरांपैकी बहुतेक घरांत अजून माणसं राहतात. दारात रांगोळी आहे, गोठ्यात एखादं तरी जनावर आहे. विदर्भातल्या माझ्या सासरच्या गावात अर्ध्या घरांना कुलपं आहेत, म्हातारी तेवढी उरलीत. बोरगावची पोरं पुण्या-मुंबईला गेली नाहीत, कारण पगार गावाजवळ मिळाला. उलट बिहार, उत्तर प्रदेशातून माणसं इथे आली. बाजूच्या घरात भाड्यानं राहणारी सिवानची बाई माझ्या वहिनीशी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत बोलते आणि वहिनी तिला पातोडीचा रस्सा शिकवते. विहिरीवरची वर्दळ संपली हे खरं. पण गाव टिकलं, आणि ते टिकवणाऱ्यांनी माझी परवानगी मागायचं काही कारण नव्हतं.

वहिनीनं दारातच पायावर पाणी घातलं. "काऊन बाई, इतके दिवस वाट पाहायले लावली? बसा, मी चहा मांडतो," म्हणाली. आमच्याकडे बाईही 'मांडतो', 'येतो' असंच म्हणते. पुण्यात मी ते जपून बंद केलं होतं, वहिनीच्या स्वयंपाकघरात ते आपसूक परत आलं. रात्री ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरून हिरवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि भेदराची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. भाच्याची मुलगी सातवीत आहे, इंग्रजी शाळेत जाते. तिच्या बोलण्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही सरमिसळ. मी नेलेलं मराठी गोष्टींचं पुस्तक तिनं उघडलं आणि बोट ठेवून वाचू लागली. 'ळ' आला की थांबे. हिंदीत तो नाही, म्हणून ओळखीचा नाही. बोलताना मात्र तिच्या तोंडात 'ळ' पक्का होता. एक पान संपल्यावर तिनं विचारलं, "आजी, असे अजून आहेत का?" मी तिला सांगितलं, पाठवते. पाठवणार आहे. सीमेपलीकडच्या मराठीसाठी भाषणं पुष्कळ होतात. माझ्या मते इथे प्रत्येक शाळेत मराठी पुस्तकांचं एक कपाट आणि आठवड्याला मराठीचा एक तास, एवढं मिळालं तरी पुढची पिढी हातची जाणार नाही.

सकाळी बागेत गेलो. हा आंबिया बहार, जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला, दिवाळीनंतर तोडणीला येणारा. बाबांची झाडं 18 फुटांवर लावलेली, सरळ ओळींत. त्यांतली थोडी उरली आहेत. बाकीची कशी गेली ते मी लहानपणी पाहिलं आहे. 1980 नंतरच्या त्या वर्षांत सगळ्या विदर्भात आणि आमच्याकडे कोळशी पसरली. काळी माशी पानाचा रस शोषते, पानावर चिकट गोड पाणी सोडते आणि त्यावर काळी बुरशी चढते. कुणी कोळसा उगाळून फासावा तशी पानं दिसायची. आई आणि मी खालच्या फांद्यांची पानं ओल्या फडक्यानं पुसायचो. सबंध बाग पुसून होणार नव्हती हे आईला ठाऊक होतं, पण हात स्वस्थ बसू देत नव्हते. फुलंच धरेनात. त्याच दशकात नागपुरात लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालं. तिथल्या शिबिराला बाबा जाऊन आले आणि वहीत लिहून आणलेलं आम्हाला वाचून दाखवलं.

भाचा मला एका जुन्या झाडाजवळ घेऊन गेला. खोड बुंध्यापासून कमरेएवढं निळसर पांढरं. बोर्डो मलम, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा लावायचं, म्हणजे डिंक्या धरत नाही. त्यानं एका जागी नखानं मलम खरवडून दाखवलं. तिथे पूर्वी डिंक गळून साल फुटली होती. आता कडेनं नवी साल येऊन जखम जवळजवळ मिटली होती. "आजोबांच्या वहीत होतं तसंच करतो," तो म्हणाला. बाबांची ती वही त्याच्याकडे आहे. बहार धरायच्या आधी किती दिवस पाणी तोडायचं, हलक्या जमिनीत ताण किती, भारी जमिनीत किती, सगळं बाबांच्या किरट्या हिंदी-मराठी अक्षरात. बाया कात्रीनं देठाशी फळ कापून झोळीत टाकत होत्या. ओढून तोडलं तर देठाजवळची साल निघते आणि फळ वाटेत सडतं. गवतावर मालाचे ढीग पडत होते, मोठा वेगळा, मधला वेगळा, डागी वेगळा. मी बसून निवडू लागले. तेलकट वास बोटांना लागला आणि दिवसभर गेला नाही. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण व्यापारी ते पाहून भाव देत नाही, रंग आणि आकार पाहून देतो, असं भाच्याचं म्हणणं. तो कंपनीत पाळी करून बाग सांभाळतो. पगार आहे म्हणून पडत्या भावाच्या वर्षीही झाडं तोडावी लागली नाहीत.

बागेला लागून कापूस. पहिल्या वेचणीच्या दिवशी वहिनीनं शेतात सीतादही केलं होतं. दह्याचा नैवेद्य दाखवून, झाडांवर शिंपडून मगच हात घालायचा. आई करायची तेच.

दुसऱ्या दिवशी सौंसरला निघण्याआधी वहिनी जामसावळीला घेऊन गेली. पिंपळाखाली निजलेला मारुती. उभा किंवा बसलेला मारुती सगळीकडे असतो, निजलेला इथेच पाहिला. नाभीतलं पाणी तीर्थ म्हणून देतात, आणि मन बिघडलेल्या माणसांना घेऊन घरचे लोक इथे मुक्कामाला येतात. लहानपणी आम्ही बैलगाडीनं यायचो, नदीकाठी रोडग्यांचा स्वयंपाक व्हायचा. आता इथे हनुमान लोक उभारायचं काम आहे, 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. दगडी कमानी येतील, वाहनतळ येईल. पिंपळाला आणि नदीकाठाला मोकळी जागा ठेवा, एवढंच मागणं आहे. आजारी माणसाला घेऊन आलेल्या बाईला कमानीपेक्षा सावलीची गरज जास्त.

त्याच वर्षी, 5 ऑक्टोबर 2023 रोजी, पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. बाबांना जिल्ह्याच्या कामाला सिल्लेवानीचा घाट चढून जावं लागे आणि तिकडे गेल्यावर अर्ज हिंदीत दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. नव्या जिल्ह्यात घाट चढायला नको. घाटाखालच्या मराठी मुलखाला स्वतःचं नाव मिळालं, ते 67 वर्षांनी. राज्य तेच राहिलं, पण कलेक्टरच्या दाराशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मागेपुढे आता त्याच्याच बोलीतली माणसं असतात, हे मला मोठं वाटतं. पांढुर्ण्याचं नाव बाहेर निघतं ते मात्र गोटमारीपुरतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर दगड चालवतात. बाबांनी आम्हाला कधी तिथे नेलं नाही. परंपरा मोठी असेल, पण घरी परतलेल्या पोराचा फुटलेला डोळा मी पाहिला आहे आणि त्याचं समर्थन मला करता येत नाही. बोरगावचा तान्हा पोळा, लाकडी नंदीबैल ओढत घरोघर जाणारी पोरं, ही परंपरा मला पुरेशी आहे.

सौंसरच्या तहसिलीत आमचा नंबर लागायला दुपार झाली. पुण्याहून निघताना मी ठरवलं होतं की हक्क सोडल्याची सही करून मोकळं व्हायचं. आमच्याकडे लेकी तेच करतात. आईनं केलं, मावशीनं केलं. भावाचं दार उघडं राहावं म्हणून जमिनीचा कागद भावाला द्यायचा, असा सगळा व्यवहार. ज्या 1956 सालानं आमचा मुलूख नागपुरापासून तोडला, त्याच साली हिंदू वारसा कायद्यानं लेकीला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला, आणि 2005 च्या दुरुस्तीनं तिला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीला बसवलं. बाबांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. पहिलीबद्दल ते आयुष्यभर बोलत राहिले, दुसरीबद्दल घरात कुणी बोललं नाही.

मी भाच्याला सांगितलं, माझं नाव काढायचा कागद कर. तो काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "नाव राहू द्या बाई. नाव राह्यलं म्हणजे तुमाले यावं लागते." दादाची बायको, जिच्या मुलाच्या हिश्शातला हा तुकडा आहे, ती हे बोलली. मी तिचा हात धरला. पटवाऱ्यानं विचारलं, मग तिघांची नावं घालायची ना? भाचा हो म्हणाला. संगणकावर माझं नाव माहेरच्या नावानं चढलं, वडील अमुक, राहणार बोरगाव.

संध्याकाळी ओट्यावर बसून भाच्यानं हिशेब मांडला. वाळलेल्या झाडांच्या जागी पुढच्या पावसाळ्यात कलमं लावायची. जंबेरीवर डोळा बांधलेली, शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेतून आणायची. उन्हाळ्यात खड्डे खणून तापू द्यायचे, शेणखत भरायचं, ठिबकच्या नळ्या नव्या टाकायच्या. फळ धरायला पाच वर्षं तरी जातील. निम्मा खर्च मी देणार आहे, आणि खड्डे भरायच्या वेळी येणार आहे.